स्लाव भाषा आहेत, स्लाव वंश कुठे आहे?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, तेव्हा आपल्याकडच्या चर्चांमध्ये एक वाक्य फार ऐकू येऊ लागलं: हे दोघे शेवटी एकाच स्लाव वंशाचे, भाऊ-भाऊच, घरचं भांडण आहे, मिटेल. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट आपण कुणाचीच बाजू घेत नाही, असं त्याला वाटत असतं. पण हे वाक्य तटस्थ नाही. त्याला मालक आहे आणि तो जुना आहे. १८३०-३१ मध्ये पोलंड झारविरुद्ध उठला. फ्रान्समधल्या काही मंडळींनी पोलंडच्या बाजूनं आवाज उठवला, तेव्हा अलेक्झांडर पुश्किननं कविता लिहून त्यांना सुनावलं: हा स्लावांचा आपसातला जुना, घरगुती तंटा आहे, तुम्ही मध्ये पडू नका. पुढे तो विचारतो, स्लाव ओहोळ रशियन समुद्राला मिळणार, की समुद्रच आटणार? १८३१ मध्येच रशियन सैन्यानं वॉर्सा पुन्हा ताब्यात घेतलं. भांडण एकदा 'घरचं' ठरवलं की बाहेरच्यानं बोलायची सोय उरत नाही आणि घरातल्या धाकट्यानं दाद कुठे मागायची हाही प्रश्न उरत नाही. पुश्किन थोर कवी होता. आपण काय म्हणतो आहोत हे त्याला नीट कळत होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. स्लाव हे भाषांच्या एका कुळाचं नाव आहे आणि तिथे ते चोख काम करतं. माणसांच्या रक्ताला, नात्याला, वंशाला ते लावलं की तो दावा होतो, आणि गेल्या दोनशे वर्षांत हा दावा बहुतेक वेळा बळकटानं दुबळ्यावर केलेला आहे. मराठीत लिहिताना तो दावा आपण फुकट का वाहून न्यायचा?

आधी भाषांचं पाहू, कारण तिथे सगळं स्वच्छ आहे. रशियन, युक्रेनियन, बेलारूशियन ही पूर्वेकडची शाखा. पोलिश, चेक, स्लोवाक, कशुबियन आणि जर्मनीच्या लुसेशिया भागात टिकून राहिलेली सोर्बियन ही पश्चिमेकडची. स्लोवेनियन, क्रोएशियन, बोस्नियन, सर्बियन, माँटेनेग्रिन, मॅसिडोनियन, बल्गेरियन ही दक्षिणेकडची. बोलणारे सुमारे ३० कोटी. या सगळ्या एकाच आदिभाषेतून फुटल्या आणि फुटूनही फार काळ झालेला नाही, म्हणून त्यांच्यातलं साम्य आजही कानाला जाणवतं. पाण्याला जवळपास सगळीकडे 'वोदा', दोनला 'द्वा' किंवा 'द्वे', तीनला 'त्रि' किंवा त्याच्या जवळचं काहीतरी. संस्कृत थोडंफार येणाऱ्याला इथे लगेच ओळखीचे चेहरे दिसतात.

पण ओळखीचे चेहरे फसवतातही. चेकमध्ये पाव 'चेर्स्त्वी' असेल तर तो ताजा. रशियनमध्ये तोच 'चोर्स्त्वी' पाव म्हणजे शिळा, कडक झालेला. पोलिशमध्ये 'स्क्लेप' म्हणजे दुकान, चेकमध्ये तळघर, रशियनमध्ये थडग्याची खोली. 'लिस्तोपाद', म्हणजे पानगळीचा महिना, पोलिश, चेक आणि युक्रेनियनमध्ये नोव्हेंबर आणि क्रोएशियनमध्ये ऑक्टोबर. आभार मानायला रशियन माणूस 'स्पासीबा' म्हणतो. युक्रेनियन 'द्याकुयु', बेलारूशियन 'ज्याकुय', पोलिश 'जेंकुये'. म्हणजे रोजच्या वापरातल्या एका शब्दात युक्रेन मॉस्कोकडे पाठ करून वॉर्साच्या रांगेत उभं आहे. हा एकटा शब्द नाही. युक्रेनियनची शब्दसंपदा रशियनपेक्षा बेलारूशियन आणि पोलिशला जवळची आहे. 'युक्रेनियन म्हणजे रशियनचीच एक बोली' असं छातीठोकपणे सांगणारे सहसा हे बघायला गेलेले नसतात.

आता नावाकडे. या लोकांनी स्वतःला जुन्या काळी म्हटलं ते 'स्लोव्येने'. 'स्लोवो' म्हणजे शब्द. ज्यांचं बोलणं आपल्याला कळतं ते, असा त्याचा एक अर्थ लावतात. याला जोडी म्हणून ज्यांचं बोलणं कळत नाही ते मुके: रशियनमध्ये जर्मन माणसाला आजही 'नेमेत्स' म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी मुकेपणाचाच शब्द आहे. 'स्लोवो' आणि आपलं संस्कृत 'श्रवस्' ही एकाच मुळाची फळं, 'श्रु' म्हणजे ऐकणं. दुसरा एक पक्ष म्हणतो की हे नाव कुठल्यातरी नदीवरून किंवा ठिकाणावरून आलं असावं, कारण त्याचा प्रत्यय स्थलनामांना लागणारा आहे. निकाल लागलेला नाही. मात्र 'स्लावा' म्हणजे कीर्ती, म्हणून स्लाव म्हणजे कीर्तिवंत, ही व्युत्पत्ती देशभक्तांच्या हौसेची आहे. आणि इंटरनेटवर फिरणारी दुसरी, स्लाव म्हणजे मुळात गुलाम, तीही उलटी आहे. नाव आधीचं. मध्ययुगात या लोकांना पकडून इतक्या मोठ्या संख्येनं विकलं गेलं की लॅटिनमधलं त्यांचं नाव 'स्क्लावुस' हेच गुलामासाठी रूढ झालं आणि तिथून पश्चिम युरोपच्या भाषांमध्ये पसरलं. इटलीत निरोप घेताना म्हणतात तो 'च्याव' हाही व्हेनिसच्या बोलीतला 'आपला दास' आहे. म्हणजे या नावाचा पहिला मोठा जागतिक वापर बाजारात झाला, आणि तोही या लोकांनी केला नाही.

सहाव्या शतकात बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस आणि गॉथांचा इतिहास लिहिणारा जॉर्डानीस यांच्या लिखाणात हे नाव पहिल्यांदा ठळकपणे येतं. डॅन्यूबपलीकडून येऊन धाडी घालणारे लोक, अशा संदर्भात. साम्राज्याच्या सीमेवरच्या लेखनिकाला पलीकडच्या गर्दीसाठी एक नाव लागतं. त्या गर्दीतले सगळे स्वतःला तसंच म्हणत होते का, यावर आजही अभ्यासक भांडतात.

इथून वंशाच्या गोंधळाला सुरुवात होते. सहाव्या ते आठव्या शतकांत या भाषा बोलणारे लोक खरोखरच मोठ्या संख्येनं हलले: एल्बेपर्यंत, बाल्कनमध्ये, ग्रीसच्या दक्षिण टोकापर्यंत. हे नाकारायचं कारण नाही. पण पुढे काय झालं? बर्लिन, लाइपझिग, ड्रेस्डेन, ल्यूबेक ही गावांची नावं स्लाव भाषांतली आहेत. लाइपझिग म्हणजे 'लिपा', अर्थात लिंडन झाडांचं गाव. तिथल्या स्लाव भाषा बोलणाऱ्यांचे वंशज कुठे गेले नाहीत, ते जर्मन बोलू लागले आणि जर्मन झाले. त्यांना कुणी स्लाव म्हणत नाही. उलट बल्गेरियाला नाव देणारे बल्गार हे तुर्की कुळातली भाषा बोलणारे स्वार होते; ते स्लाव भाषेत विरघळले, म्हणून बल्गेरियन स्लाव. रशियाला नाव देणारे 'रूस' बहुतेक अभ्यासकांच्या मते स्कँडिनेव्हियातून आलेले, आणि उत्तर रशियातल्या खेड्यांत फिनिश कुळातल्या भाषा बोलणाऱ्या लोकांचं रक्त भरपूर मिसळलेलं. म्हणजे भाषा बदलली की माणूस स्लाव होतो किंवा स्लाव असायचा थांबतो. अशा गोष्टीला वंश म्हणत नाहीत.

'आर्य' या शब्दाचं आपण काय केलं आणि जर्मनांनी काय केलं हे आपल्याला ठाऊक आहेच. माक्स म्युलरनं १८८८ साली वैतागून लिहिलं होतं की आर्य वंश, आर्य रक्त, आर्य डोळे असं बोलणारा वंशशास्त्रज्ञ हा लांबट डोक्याचा शब्दकोश किंवा रुंद डोक्याचं व्याकरण असं बोलणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाइतकाच पापी आहे. 'आर्य'बाबत तो इशारा उशिरा का होईना, कानावर गेला. 'स्लाव'बाबत तो गेलेलाच नाही, आणि म्हणून आपल्या लेखांमध्ये 'स्लाव वंश' हा शब्दप्रयोग आजही बिनदिक्कत वावरतो.

या नावाचं राजकारण एकोणिसाव्या शतकात सुरू झालं, आणि सुरुवात सुंदर होती हे मान्य करायला हवं. ऑस्ट्रियाच्या आणि तुर्कांच्या साम्राज्यांत दबलेल्या छोट्या समाजांना आपण एकटे नाही, आपल्यामागे मोठा गोतावळा आहे, ही भावना बळ देणारी होती. जून १८४८ मध्ये प्राग शहरात स्लाव परिषद भरली, इतिहासकार फ्रांतिशेक पालाट्स्की अध्यक्ष. शहरात उठाव झाला, ऑस्ट्रियाच्या सेनापतीनं प्रागवर तोफा डागल्या आणि परिषद उधळली गेली. त्याआधी कीवमध्ये युक्रेनियन कवी तारास शेवचेन्को आणि इतिहासकार मिकोला कोस्तोमारोव हे सिरिल-मेथोडियस बंधुसंघ या गुप्त मंडळात होते. त्यांचं स्वप्न स्वतंत्र आणि समान स्लाव लोकांच्या संघराज्याचं. झार नको, जमीनदाराच्या मालकीचे भूदास नकोत. शेवचेन्को स्वतः भूदास म्हणून जन्मलेला, १८३८ साली पैसे भरून त्याला सोडवलेलं. १८४७ मध्ये संघातल्या लोकांना अटक झाली. शेवचेन्कोला साधा शिपाई म्हणून ओरेनबुर्गकडे धाडलं, आणि झार निकोलाय पहिल्यानं शिक्षेच्या कागदावर स्वतःच्या हातानं शेरा मारला: कडक देखरेखीखाली, लिहायला आणि चित्रं काढायला मनाई. स्लाव बंधुभावाची समानतेची आवृत्ती झारनं कशी हाताळली ते या एका शेऱ्यात आलं.

हे आधीच ओळखणारा माणूस होता चेक पत्रकार कारेल हाव्लिचेक बोरोव्स्की. तरुणपणी तो कट्टर स्लावप्रेमी. १८४३ मध्ये मॉस्कोला एका प्राध्यापकाच्या घरी शिकवणीला गेला, पुढच्या वर्षी परतला तो पुरता भानावर येऊन. १८४६ मध्ये त्यानं 'स्लाव आणि चेक' या मथळ्याचा लेख लिहिला. त्यातलं म्हणणं असं: मी चेक आहे, स्लाव नव्हे, रशियन लोक हल्ली रशियनऐवजी सगळीकडे स्लाव म्हणू लागले आहेत, म्हणजे पुढे स्लावऐवजी सगळीकडे रशियन म्हणता येईल. एकशे ऐंशी वर्षांपूर्वीची ही ओळ. मला तरी यापेक्षा नेमकं निदान नंतर कुणी केलेलं दिसत नाही.

आणि आता या सगळ्या इतिहासातली माझ्या मते सर्वांत बोलकी दोन वर्षं. मे १८७६. झार अलेक्झांडर दुसरा जर्मनीत बाड एम्स इथे औषधी पाण्याच्या उपचारासाठी गेलेला. तिथे त्यानं एका हुकमावर सही केली. युक्रेनियन भाषेतली पुस्तकं परदेशातून आणायला बंदी; साम्राज्यात छापण्यावर कडक निर्बंध; रंगमंचावर युक्रेनियनमधून नाटक नाही, जाहीर वाचन नाही; इतकंच काय, गाण्याच्या स्वरलिपीखाली युक्रेनियन शब्द छापायचे नाहीत. तेरा वर्षांपूर्वी त्याच्याच गृहमंत्र्यानं, वालुयेवनं, परिपत्रकात नमूद केलं होतं की स्वतंत्र 'लघुरशियन' (म्हणजे युक्रेनियन) भाषा कधी नव्हती, आज नाही आणि असूही शकत नाही. एम्सच्या सहीनंतर वर्षभरात, एप्रिल १८७७ मध्ये, याच अलेक्झांडरनं तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं. कशासाठी? बाल्कनमधल्या स्लाव बांधवांच्या मुक्तीसाठी. हजारो रशियन, आणि रशियन सैन्यातले युक्रेनियनही, बल्गेरियात मेले. बल्गेरिया खरोखर सुटला. सोफियात संसदेसमोर आजही 'मुक्तिदाता झार' म्हणून अलेक्झांडरचा अश्वारूढ पुतळा आहे. बल्गेरियन लोकांची कृतज्ञता खोटी नाही. पण जो दूरच्या स्लावाला तुर्कापासून सोडवायला जातो आणि जवळच्या स्लावाला गाणंही छापू देत नाही, त्याच्या बंधुभावाला सीमा कुठे लागते ते स्पष्ट आहे: त्याच्या स्वतःच्या ताब्यातल्या जमिनीच्या कडेला. दूरचा तो भाऊ, ताब्यातला तो बोलीभाषक.

हे मॉस्कोद्वेषातून आलेलं बोलणं आहे असं कुणाला वाटेल. मग टॉलस्टॉयकडे पाहावं. १८७६ मध्ये सर्बियाच्या मदतीला रशियन स्वयंसेवक गाडीगाडीनं निघाले होते. 'अ‍ॅना कॅरेनिना'तला व्रॉन्स्कीही शेवटी तिकडेच जातो. पण शेवटच्या भागात कादंबरीचा दुसरा नायक लेव्हिन म्हणतो की मीही या जनतेतलाच आहे आणि मला तर स्लाव बांधवांबद्दल असं काही वाटत नाही. कादंबरी ज्या मासिकात क्रमशः येत होती त्याच्या संपादकानं तो भाग छापायला नकार दिला. टॉलस्टॉयनं तो स्वतंत्र छापला. १८६७ ची मॉस्कोतली स्लाव परिषदही पाहावी. पाहुणे सगळीकडून आले, पोलंड सोडून. १८६३ मध्ये सुरू झालेला पोलिश उठाव नुकताच चिरडला गेला होता. स्लावांच्या मेळाव्यात एका मोठ्या स्लाव समाजाची खुर्चीच नव्हती, आणि तरीही मेळावा थाटात झाला.

विसाव्या शतकावर फार रेंगाळत नाही, कारण तिथे उदाहरणं अंगावर येतात. 'युगोस्लाविया' म्हणजे दक्षिण स्लावांचा देश. त्यात लाखो अल्बेनियन आणि हंगेरियन राहत होते, ज्यांच्या देशाच्या नावातच त्यांना जागा नव्हती. सर्ब, क्रोएट, माँटेनेग्रिन आणि बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) यांची बोलायची भाषा जवळपास एकच, आता तिला चार अधिकृत नावं. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात बोस्नियन सर्ब सैन्यानं आठ हजारांवर बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले, तेव्हा मारणाऱ्यांना आणि मरणाऱ्यांना दुभाष्याची गरज नव्हती. नाझींनी स्लावांना हीन ठरवलं आणि पोलंड, बेलारूस, युक्रेन, रशियात त्याप्रमाणे संहार केला. त्याच वेळी स्लोवाकिया, क्रोएशिया, बल्गेरियाच्या सरकारांशी त्यांची युती होती. म्हणजे वंशाच्या वेडानं पछाडलेल्यांनाही हा वंश सोयीनुसार दिसत आणि नाहीसा होत होता.

आपल्या महाराष्ट्राचा यात एक खरा धागा आहे, आणि तो कोल्हापूरजवळ वळिवड्यात आहे. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हनं रेडिओवरून कारण सांगितलं: तिथल्या 'एकरक्ताच्या' युक्रेनियन आणि बेलारूशियन बांधवांचं रक्षण. शब्द लक्षात घ्या, एकरक्ताच्या. त्यानंतर पुढल्या वर्षी फेब्रुवारीपासून पोलिश कुटुंबांना कडाक्याच्या थंडीत मालगाड्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तानकडे धाडायला सुरुवात झाली. १९४१ मध्ये हिटलरनं स्टालिनवर हल्ला केला आणि वारं फिरलं. पोलिश लोकांना मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षी मॉस्कोत सर्व-स्लाव समितीही स्थापन झाली. जर्मनांविरुद्ध लढायला अचानक सगळे स्लाव पुन्हा भाऊ झाले. सुटलेल्यांपैकी काही हजार इराणमार्गे भारतात पोचले. जामनगरजवळ बालाचडीत मुलांची छावणी झाली, आणि १९४३ पासून वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, १९४७-४८ पर्यंत राहिले. शाळा होत्या, चर्च होतं. त्यांना ज्यांनी घराबाहेर काढलं तेही स्लाव, आणि ज्यांनी ओसरी दिली ते करवीर संस्थानातले मराठी लोक. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला वंदन केलं, तेव्हा आपल्या बातम्यांत हा इतिहास दोन दिवस झळकला. पण ती माणसं वळिवड्याला का आली होती, त्यांना कुणी आणि काय कारण सांगून उखडलं होतं, ते फारसं कुणी लिहिलं नाही. मराठीत 'भाऊबंदकी' म्हणजे काय ते आपल्याला शिकवावं लागत नाही. तरीही दुसऱ्यांच्या घरी भाऊ म्हटलं की आपण लगेच विरघळतो.

या नावाचा आजचा वापरही पाहण्यासारखा आहे. मॉस्कोत घर भाड्यानं देण्याच्या जाहिरातींमध्ये 'फक्त स्लावांना' हे शब्द वर्षानुवर्षं छापले गेले आहेत. मुंबईत 'फक्त शाकाहारी' लिहिलेलं वाचून त्यामागचा अर्थ ज्याला कळतो त्याला हेही कळेल. तिथे स्लाव म्हणजे उझबेक, ताजिक नको. आणि दागेस्तानचा, चेचन्याचा, म्हणजे रशियाचाच नागरिकही नको. रशियात शंभरावर वेगवेगळे समाज राहतात, तातारांची संख्याच काही दशलक्ष आहे. रशियातल्या स्वतंत्र पत्रकारांनी युद्धातल्या मृतांच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा बुर्यातिया आणि तुवासारख्या गरीब प्रदेशांतल्या मुलांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानानं जास्त निघालं. घर भाड्यानं द्यायचं तर स्लाव हवा. 'स्लाव बांधवांच्या' देशात लढायला मात्र बुर्यात चालतो. (समाजमाध्यमांवर ट्रॅकसूट घालून उकिडवं बसणं म्हणजे स्लाव, असाही एक विनोद फिरतो. तो निरुपद्रवी आहे. त्या हिशेबानं अख्खा कोकण स्लाव ठरेल.)

यावर एक आक्षेप रास्त आहे. लोक स्वतःलाच स्लाव म्हणवून घेत असतील तर तुम्ही कोण नको म्हणणारे? जर्मनीत सोर्ब लोक साठ हजारांच्या आसपास उरले आहेत. आपण एका मोठ्या भाषाकुळाचे आहोत ही जाणीव त्यांच्यासाठी आधार आहे, आणि ती त्यांच्याकडून काढून घ्यायचा अधिकार मला नाही. स्लोवाक लोक आपल्या देशाला 'स्लोवेन्स्को' म्हणतात आणि स्लोवेनियन लोक आपल्या देशाला 'स्लोवेनिया'. दोघांच्या नावात हेच मूळ आहे. स्वतःचं नाव स्वतः घेणं वेगळं. माझा झगडा दुसऱ्यानं दुसऱ्याच्या माथी मारलेल्या नावाशी आहे. पुतिन यांनी जुलै २०२१ मध्ये रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक आहेत असं सांगणारा लांबलचक लेख लिहिला. त्यांचा भर स्लाव या शब्दापेक्षा प्राचीन 'रूस'वर होता, पण युक्तिवादाची चाल तीच: मूळ एक, म्हणून आजचा निर्णयही तुमचा एकट्याचा नाही. युक्रेननं आपला निर्णय १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात दिला होता, नव्वद टक्क्यांवर लोक स्वातंत्र्याच्या बाजूनं. रशियाला लागून असलेल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्येही मोठं बहुमत. आदिभाषेच्या वंशवृक्षात मतपेटी सापडत नाही.

दुसरा आक्षेप: २०२२ मध्ये पोलंडनं लाखो युक्रेनियनांना घरात घेतलं, ते स्लाव म्हणूनच ना? मला ते पटत नाही. रोमानिया, मोल्दोवा, हंगेरी यांनीही दारं उघडली आणि यातला एकही देश स्लावभाषी नाही. आपली वैद्यकीय शिकणारी मुलं, त्यात महाराष्ट्रातलीही पुष्कळ, याच देशांतून बाहेर पडली. पोलंडला आठवत होता तो मॉस्कोचा अनुभव.

तर मराठीत काय करावं? भाषांबद्दल लिहिताना स्लाव जरूर लिहावं. माणसांबद्दल लिहिताना त्यांचं नाव लिहावं: युक्रेनियन, पोलिश, सर्ब. 'वंश' हा शब्द तर काढूनच टाकावा. हे अवघड का जातं तेही मला समजतं. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर भेटणारा युक्रेनियन, बेलारूशियन, कधी कधी कझाकही, सगळे आपल्यासाठी 'रशियन'. सोव्हिएत काळात स्वस्तात मिळणाऱ्या मॉस्कोच्या मराठी पुस्तकांनी आपल्या दोन पिढ्यांना वाचायला शिकवलं, आणि त्या प्रेमातच युक्रेन हा रशियाचा एक प्रांत, ही समजूतही आली.

शिवाय आपल्या घरात एक प्रकरण आहे, त्याच्याकडे बघायला मराठी माणसाला आवडत नाही. कोकणी ही मराठीची बोली, म्हणून गोमंतकीय मराठीच, म्हणून गोवा महाराष्ट्राचा: हा युक्तिवाद आपल्यातल्या मोठमोठ्या विद्वानांनी केला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्यानं विलीनीकरण नाकारलं. १९७५ मध्ये साहित्य अकादमीनं कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. आपण रणगाडे पाठवले नाहीत, कुणाच्या गाण्यावर बंदी घातली नाही. प्रश्न मतपेटीनं सुटला, आणि हा फरक लहान नाही. गोव्यात मराठीवर मनापासून प्रेम करणारेही तेव्हा होते आणि आजही आहेत. पण 'स्वतंत्र भाषा कधी नव्हती' हे वालुयेवचं वाक्य वाचताना मराठी वाचकाला त्याची चाल ओळखीची वाटली, तर ते साहजिक आहे, आणि त्या ओळखीचा उपयोग व्हावा असं मला वाटतं. 'बोलीच ती' म्हटल्यावर समोरच्याला काय ऐकू येतं हे आपण पणजी-मडगावात जाऊन विचारू शकतो, कीवपर्यंत जायची गरज नाही.

सुरुवात छोट्या गोष्टींपासून करता येईल. निकोलाय गोगोल पोल्ताव्हाकडच्या सोरोचिंत्सीत जन्मला, त्यानं रशियनमध्ये लिहिलं आणि त्याच्या आरंभीच्या कथांमधली खेडी, सण, भुतंखेतं सगळी युक्रेनची. त्याच्या परिचयात 'रशियन भाषेत लिहिणारा युक्रेनी लेखक' असं छापायला दोन-तीन शब्द जास्त लागतील, तेवढी जागा कुठल्याही पुस्तकाच्या मलपृष्ठावर असते. शेवचेन्कोच्या बाबतीत तर हा खुलासाही नको; त्याची कविता मराठी वाचकाच्या हातात मात्र पोचायला हवी, आणि शक्य झाल्यास रशियनच्या वाटेनं न येता.